साध्या माणसाचं मानपत्र लिहिताना

ठाण्यात आणि नवी मुंबईत वर्षभर कुणाचा ना कुणाचा सत्कार चालू असतो. शाळेचा सुवर्णमहोत्सव, ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन, सोसायटीतल्या काकांची पंचाहत्तरी, नाही तर एखाद्या मंडळाचा जीवनगौरव. हॉल ठरतो, शाल-श्रीफळ येतं, नाश्त्याची ऑर्डर जाते आणि शेवटच्या आठवड्यात कुणाला तरी आठवतं की मानपत्र राहिलं. मग ‘तुझं मराठी बरं आहे, तूच लिही’ म्हणत ते एखाद्या नव्या मुलाच्या किंवा मुलीच्या गळ्यात पडतं. दोन तास डोकं खाजवून पहिलं वाक्य उतरतं: ‘साधी राहणी आणि उच्च विचारसरणी हे ज्यांच्या जीवनाचं ब्रीद आहे असे…’

हे वाक्य इतक्या लोकांना लावून झालंय की त्यातून आता कुणाचाच चेहरा दिसत नाही. खरोखर कडक साधेपणाने राहिलेल्या माणसाच्या वाट्यालाही तेच येतं आणि तीन गाड्या बाळगणाऱ्याच्याही. मानपत्र, श्रद्धांजली, परिचय किंवा निवेदन पहिल्यांदाच लिहीत असाल तर पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्या. पहिल्या दोन पायऱ्यांना वेळ लागतो, बाकीच्या भराभर होतात.

पहिली पायरी : काय नाकारलं ते शोधा

शब्द निवडण्याआधी चौकशी करायची. या माणसाला काय मिळू शकत होतं आणि त्याने ते का घेतलं नाही? उत्तर सापडलं तर मानपत्राचा कणा मिळाला. सापडलं नाही तर साधेपणावर लिहूच नका, दुसरा गुण शोधा. माणसात दुसरे गुण असतात.

गोपाळ गणेश आगरकरांचं (१८५६–१८९५) उदाहरण घ्या. शिकत असताना अंगावर एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. भाषणात साधेपणाचा दाखला म्हणून ती हमखास येते. पण ती गरिबीची गोष्ट आहे. दुसरा सदरा असता तर त्यांनी तो घातला असता. साधेपणा सुरू होतो तो पुढे. एम. ए. होऊन मोठ्या पगाराची नोकरी हाताशी आली असती, तेव्हा त्यांनी आईला पत्राने कळवलं की आता तुझे पांग फिटतील अशी आशा धरू नकोस, मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकी वेळ लोकांच्या कामाला देणार आहे. मानपत्रात घ्यायचं ते हे पत्र. सदरा फार तर त्याच्या आधीच्या ओळीत.

आपल्या भागात ही चौकशी जास्तच जपून करावी लागते. नवी मुंबई वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीवरची मासेमारी आक्रसली. अशा गावातल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांचा सत्कार असेल आणि तुम्ही लिहिलंत की ‘चंद्रमौळी घरात राहूनही ज्यांनी कधी हाव धरली नाही’, तर समोर बसलेली त्यांची मुलं काय ऐकतील? घर चंद्रमौळी होतं कारण दुसरं बांधायला पैसे नव्हते. त्यांच्या गरजा कमी नव्हत्या, त्या भागत नव्हत्या. अशा वेळी कष्ट लिहा, लढा लिहा, मोर्चात खाल्लेल्या लाठ्या लिहा.

बायकांबद्दल लिहिताना तर दोनदा थांबा. ‘पतिनिधनानंतर त्या व्रतस्थ आयुष्य जगल्या’ हे वाक्य अजूनही सर्रास दिसतं. कुंकू पुसलं, रंगीत साडी सुटली, लग्नकार्यात पुढे यायचं नाही, हे त्यांनी निवडलं होतं का? २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. जी गोष्ट थांबवायला ठराव करावा लागतो तिला व्रत म्हणून गौरवायचं नसतं. त्या बाईंनी पुढे शिलाई मशीन घेऊन तीन मुलं शिकवली असतील तर ते लिहा. तिथे ‘पोटाला चिमटा काढून’ हा शब्दप्रयोग चपखल बसतो, कारण त्यात कष्ट आणि हेतू दोन्ही आहेत.

दुसरी पायरी : नेमका शब्द उचला

मराठीत या प्रांतातले शब्द भरपूर आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

‘साधा’ हा सगळ्यात मोठा आणि म्हणून सगळ्यात बिनकामाचा. साधा डोसा, साधी पोस्ट, साधा माणूस. ‘अगदी साधे आहेत हो ते’ हे कौतुक असू शकतं, किंवा ‘त्यांना काही कळत नाही’ याचं सभ्य रूपही. ‘साधाभोळा’ लिहिलंत तर दुसराच अर्थ पक्का झाला. हा शब्द वापरायचा तर त्याच्यासोबत वस्तू ठेवा: साधा सुती सदरा, साधी पत्र्याची पेटी.

‘काटकसरी’ हा हिशेबाचा शब्द. काटकसर कशासाठी तरी असते: मुलीचं शिक्षण, घराचा हप्ता, संस्थेची इमारत. हेतू सांगितला नाही तर काटकसरी माणूस वाचणाऱ्याच्या मनात चिक्कू, कद्रू, कवडीचुंबक या आळीत जाऊन बसतो. दोघांतला फरक ओळखायला फार डोकं लागत नाही. काटकसरी माणूस स्वतःवरचा खर्च कापतो. चिक्कू माणूस दुसऱ्यावरचा कापतो, कामवाल्या मावशींचा दिवाळीचा बोनसही त्यात आला. आपल्या सत्कारमूर्तींनी मावशींना काय दिलं हे विचारायला लाजू नका.

‘निःस्पृह’ शब्दाला मोह समोर असावा लागतो. ज्याच्या हातात सही होती, तिजोरी होती, न्यायासन होतं, त्याच्यासाठी हा शब्द राखून ठेवा. मराठीत याचा नमुना म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून त्यांनी पुणं सोडलं. घरात एका दिवसापुरतंच धान्य ठेवत असं त्यांच्याबद्दल सांगतात. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की ‘निःस्पृह’चा अर्थ समजतो: उद्याचं धान्य साठवलेलं नाही म्हणून आज कुणाची भीड धरायची गरज नाही. आपल्या परिसरात हा शब्द शोभेल असे लोक आहेत. पतपेढीचा जुना सचिव, महापालिकेतून निवृत्त झालेला एखादा अभियंता, पुनर्विकासात बिल्डरचा चहाही न घेतलेला सोसायटीचा खजिनदार. खाजगी कंपनीत साध्या टेबलावर पस्तीस वर्षं काढलेल्या सज्जन कारकुनाला मात्र तो मोठा होतो. त्याला ‘सचोटीचा’ म्हणा, ते जास्त खरं आहे.

‘निरिच्छ’ म्हणजे इच्छाच नसलेला. मानपत्रात हा शब्द घालताना व्यासपीठाकडे एकदा बघून घ्या. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, पुष्पगुच्छ आणि अर्ध्या भिंतीएवढं फ्लेक्स, या सगळ्याच्या मध्ये बसलेल्या माणसाला निरिच्छ म्हटलं की मागच्या रांगेत खसखस पिकते. ‘प्रसिद्धिपराङ्मुख’चंही तेच. तो शब्द बोलताना जीभ वळते कुठे आणि निवेदक अडखळतो कुठे, हा वेगळाच भाग. ‘मोठ्या मिनतवारीने हा सत्कार त्यांनी स्वीकारला’ एवढंच लिहा. तेही खरं असेल तर.

‘विरक्त’, ‘निःसंग’, ‘वैराग्य’ हे संतांच्या घरचे शब्द. गाडगेबाबांना (१८७६–१९५६) ते शोभतात: अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा आणि मातीचं गाडगं. पंढरपूर, नाशिक, आळंदीला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. आता हेच शब्द नातवंडांत रमलेल्या, क्रिकेटचा सामना न चुकवणाऱ्या आजोबांना लावले तर आजोबाच हसतील. विरक्त माणूस जगापासून हात आखडून बसलेला असतो असंही समजू नका. गाडगेबाबा आयुष्यभर लोकांच्या गर्दीत होते. विरक्ती वस्तूंबद्दल होती, माणसांबद्दल नव्हे.

इथेच एक खड्डा आहे. जुन्या मराठीत ‘उदास’ म्हणजे अलिप्त, आसक्ती नसलेला. तुकोबांनी उत्तम व्यवहाराने धन जोडायला सांगितलं आणि ते ‘उदास विचारें वेच’ करायला सांगितलं, म्हणजे त्यात जीव न गुंतवता खर्च करायला. आज ‘काका पैशाबाबत उदास होते’ असं लिहिलंत तर काकांचे शेअर बुडाले असं लोक समजतील. अभंग उद्धृत करायचा तर शेजारी अर्थ द्या, स्वतःच्या वाक्यात तो शब्द नको.

‘व्रतस्थ’ माझा आवडता शब्द, आणि सगळ्यात जास्त उधळला जाणाराही. व्रतस्थ व्हायला काम लागतं आणि वर्षं लागतात. कमी गरजांत राहणं हे त्या कामाचं साधन असतं. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे घ्या. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं आणि पुढची तेरा वर्षं ते गावोगाव पायी फिरले. पायी फिरायचं तर ओझं कमी हवं. विनोबा ज्या गांधीजींच्या आश्रमात राहिले त्याच्या अकरा व्रतांत असंग्रह आणि अस्वाद ही दोन आहेत: साठवायचं नाही, आणि जिभेसाठी खायचं नाही. त्यातलं अस्वाद फार अवघड. अळणी भाजी रोज तक्रार न करता खाऊन बघा. एखादे सर निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना फुकट शिकवतात, पावसाळ्यातही चुकवत नाहीत, तर ते व्रतस्थ. आठवड्यातून एकदा योगवर्गाला जाणारे नियमित.

साधेपणाला धार असेल, म्हणजे माणूस स्वतःशी आणि थोडा इतरांशीही कठोर असेल, तर ‘निग्रही’ घ्या. ‘करारी’ हा चेहऱ्याचा आणि आवाजाचा शब्द आहे, राहणीचा नाही. आणि ‘कर्मठ’ कधीही चुकून घालू नका. हिंदीत तो मेहनती माणसाचं कौतुक करतो, म्हणून आता मराठी फ्लेक्सवर ‘कर्मठ कार्यकर्ते’ झळकायला लागलेत. मराठीत कर्मठ म्हणजे सोवळं-ओवळं कडकडीत पाळणारा, कर्मकांडात गुंतलेला. आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध बोललेल्या माणसाच्या सत्काराला हा शब्द गेला तर तुमची धडगत नाही.

टाळायचे शब्दही सांगून ठेवतो. दागिने न घालणाऱ्या बाईंना ‘लंकेची पार्वती’ म्हणतात खरं, पण त्यात कीव आहे. ‘भुंडे हात’ त्याहून वाईट. सामान कमी असलेल्या घराला ‘ओकंबोकं’ म्हटलं तर तिथून कुणी तरी निघून गेल्यासारखं वाटतं. तेच घर आवडलं असेल तर ‘सुटसुटीत’ किंवा ‘नेटकं’ म्हणा. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमधली चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात आखलेली मूळ घरं आठवा: बैठी, कौलारू, चौकाभोवती गोळा झालेली, प्रत्येकाला पुढे वाढवायला जागा सोडलेली. त्यातली बरीच पाडून आता दुमजली बंगले झालेत. जी उरली आहेत त्यांना कुणी ओकीबोकी म्हणणार नाही.

तिसरी पायरी : विशेषण खोडा, वस्तू ठेवा

नेमका शब्द सापडला की तो मानपत्रात एकदाच वापरायचा, तोही शक्यतो शेवटाकडे. त्याच्या आधी पुरावा यायला हवा. समजा, कळव्याच्या एका निवृत्त शिक्षकांवर लिहायचं आहे. नवखा माणूस असं लिहितो:

‘अत्यंत साधी राहणी, उच्च विचारसरणी, निगर्वी वृत्ती आणि मनमिळाऊ स्वभाव असलेले सर विद्यार्थ्यांचे लाडके होते.’

नाव बदललं की हे कुणालाही चालतं. आता चौकशी करून आलेला माणूस लिहितो:

‘सर नोकरीची सगळी वर्षं कळव्याहून खाडीपूल ओलांडून सायकलने शाळेत आले. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातून त्यांनी प्रयोगशाळेला सूक्ष्मदर्शक घेऊन दिले, आणि स्वतःच्या सायकलचं ओव्हरऑइलिंग करून घेतलं.’

दुसऱ्या परिच्छेदात ‘साधे’ हा शब्द कुठेच नाही, आणि गरजही नाही. हॉलमध्ये हे वाचलं की लोक हसतात, मग टाळ्या वाजवतात.

असे तपशील फोनवर मिळत नाहीत, घरी जावं लागतं. अर्धा तास बसा, चहा घ्या, डोळे उघडे ठेवा. चरईत एका बाईंच्या घरी गेलो असताना त्यांनी माझा नंबर लिहून घ्यायला वही काढली. वही पाठकोऱ्या कागदांची होती. लाइटबिलं, लग्नपत्रिका, शाळेच्या सूचना, बँकेची पत्रं, जे जे एका बाजूने कोरं ते सगळं सारख्या मापात कापून, मधोमध दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवलेलं. पुठ्ठा मिठाईच्या खोक्याचा. कडा इतक्या सरळ की छापखान्यातून आली म्हटलं तर पटावं. त्या वहीत संस्थेच्या मुलींच्या फीचा हिशेब होता, रुपयापासून पैशापर्यंत. मुलाखतीसाठी नेलेले माझे प्रश्न मग खिशातच राहिले, मानपत्र त्या वहीवरच लिहिलं.

विचारायचंच असेल तर ‘तुम्ही इतके साधे कसे?’ असं विचारू नका. यावर कुणीही धड उत्तर देऊ शकत नाही. ‘हे घड्याळ केव्हाचं?’, ‘शेवटची मोठी खरेदी कोणती?’, ‘पहिला पगार कुठे गेला?’ असे प्रश्न चालतात.

चौथी पायरी : घरच्यांना विचारा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

एकाचा साधेपणा पुष्कळदा दुसऱ्याच्या खर्चाने चालतो. काका सार्वजनिक कामात, पगाराचा निम्मा भाग संस्थेला, घरी गिझर नाही, फ्रिज उशिरा आला, पाहुण्यांचा राबता रोजचा. काकांना लोक व्रतस्थ म्हणतात. काकूंना काय म्हणतात? अवेळी आलेल्या कार्यकर्त्यांसाठी पुन्हा कणीक मळणाऱ्या काकूंनी ते व्रत घेतलं होतं का, की ते त्यांच्यावर पडलं? काकूंना बाजूला घेऊन विचारा. काही जणी खरोखर अभिमानाने सांगतात की आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. काही जणी गप्प बसतात, पदर सारखा करतात आणि ‘चहा टाकू का?’ म्हणतात. तेव्हा तुमचं मानपत्र बदललं पाहिजे. ‘सौ. काकूंची मोलाची साथ लाभली’ या ओळीने हे भागत नाही. निदान त्यांनी काय केलं ते लिहा: शिकवण्या घेतल्या, पापड लाटले, भिशीतून फी भरली. व्यासपीठावर दोन खुर्च्या मांडायला आयोजकांना सांगा.

श्रद्धांजली असेल तर आणखी सांभाळून. वडील गेल्यावर मुलगा ‘बाबा फार साधे होते’ म्हणतो त्यात प्रेम असतं, आणि कधी कधी लहानपणी न मिळालेल्या सायकलचं जुनं दुखणंही. ते खणायचं काम आपलं नाही. मुलाने जो शब्द वापरला तोच ठेवा, त्याच्यावर ‘त्यागमूर्ती’ वगैरे रंग चढवू नका. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा मजकूर तर चार ओळींचाच बरा.

पाचवी पायरी : उपास आणि तप यांची गल्लत नको

सत्कारमूर्ती धार्मिक वृत्तीच्या असतील तर उपासाचा उल्लेख येतोच. इथे आपण मराठी माणसं फार भरवशाची नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि वर केळ्याची शिकरण, याला कडक म्हणता येत नाही. ‘दर एकादशीला कडकडीत उपवास’ लिहायचं असेल तर निर्जळी आहे का ते विचारा.

ठाण्यात शेजार जैन कुटुंबांचा असतो. टेंभी नाक्याच्या जैन मंदिरामुळे पर्युषणातली वर्दळ आपण बघतोच. त्यांच्याकडे तपाचे प्रकार नेमके आहेत आणि शब्दही. उपवास म्हणजे फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, त्यात तूप, तेल, दूध, दही, साखर, मसाले काही नाही. वर्षीतप म्हणजे एक दिवस उपवास आणि एक दिवस जेवण असं वर्षाहून जास्त काळ, आणि पारणं अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने. शेजारच्या बेनना वर्षीतपाबद्दल सोसायटीने गौरवायचं ठरवलं तर ‘वर्षभर उपवास केले’ असं मोघम लिहू नका. त्यांचा शब्द त्यांच्याकडून विचारून घ्या आणि तसाच लिहा.

सहावी पायरी : इंग्रजीतून आणायचं असेल तर

कधी सत्कारमूर्तींचा परिचय इंग्रजीतून येतो आणि त्यात ‘ऑस्टिअर’ असतं. याला एकच मराठी शब्द शोधत बसू नका. तो शब्द ग्रीकमधून आला आणि तिथे त्याचा मूळ अर्थ जीभ कोरडी करणारा, तुरट असा होता. म्हणून त्यात साधेपणासोबत कोरडेपणाही आहे. माणसाबद्दल असेल तर निग्रही, चेहऱ्याबद्दल असेल तर कठोर, लेखनशैलीबद्दल असेल तर निरलंकार किंवा अल्पाक्षरी, इमारतीबद्दल असेल तर बिनसजावटीची, माळरानाबद्दल असेल तर रखरखीत.

‘ऑस्टेरिटी’ ही सरकारी गोष्ट. २०१० नंतर ग्रीसच्या कर्जसंकटाच्या बातम्यांतून ती आपल्याकडे रोज यायला लागली आणि मराठी वर्तमानपत्रांनी ‘काटकसरीचे उपाय’ असं भाषांतर रूढ केलं. मला ‘खर्चकपात’ जास्त प्रामाणिक वाटतं. काटकसर माणूस स्वतःच्या खिशात करतो, पेन्शन कापणं ही दुसऱ्याच्या खिशातली कात्री आहे. मे २०२० मध्ये करोनाच्या काळात आपल्या राज्य शासनाने विभागांना तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल असं ठरवलं, ती खर्चकपात. याउलट १९६५च्या धान्यटंचाईत लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं आणि सोमवारी संध्याकाळी कित्येक घरांत चुली पेटल्या नाहीत, हॉटेलं बंद राहिली. तिथे ‘व्रत’ शब्द चालतो, कारण लोकांनी ते पाळलं. त्या पिढीतलं कुणी तुमच्या सत्काराला असेल तर सोमवारची आठवण विचारा, हमखास काही तरी निघतं.

कार्यालयीन शब्दासाठी अडलात तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बघा. जुन्या शब्दाच्या छटेसाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. १८९३ सालची संस्था आहे, संदर्भ विभागात बसून जाडजूड शब्दकोश चाळता येतात. मोबाइलवर एका शब्दाला एक अर्थ मिळतो, तिथे एका शब्दाखाली अर्धं पान.

सातवी पायरी : मोठ्याने वाचा

मानपत्र कानासाठी असतं. गडकरी रंगायतन असो, वाशीचं भावे नाट्यगृह असो की सोसायटीचा क्लब हाउस, ते कुणी तरी माइकवर वाचणार आहे. ‘निःस्पृह’, ‘अपरिग्रही’, ‘निगर्वी’ हे तीन शब्द लागोपाठ आले की निवेदक धापा टाकतो. वाक्यं लहान ठेवा. विसर्ग सांभाळा: निःस्पृह आणि निस्पृह दोन्ही छापलेलं दिसतं, पण एका मानपत्रात एकच ठेवा. नामं ओढून ताणून बनवू नका. ‘साधेपणा’, ‘निरिच्छता’, ‘विरक्ती’ ठीक, ‘साधेपणाता’सारखं काही तरी खरंच एका फ्रेममध्ये बघितलं आहे.

लांबी दीडशे ते दोनशे शब्द. त्याहून जास्त झालं तर फ्रेममध्ये अक्षर बारीक होतं आणि ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनाच चष्मा लावून वाचता येत नाही. छापायला देण्याआधी नावाचं स्पेलिंग, जन्मसाल आणि संस्थेचं पूर्ण नाव घरच्यांकडून तपासून घ्या, आणि तपासलेली प्रत हातात ठेवूनच डीटीपीवाल्याकडे बसा. सोनेरी वेलबुट्टीची, मखमली पाठीची, दोन फुटी फ्रेम तो आग्रहाने दाखवेल. साधी लाकडी पट्टीची मागा. ती त्याच्याकडे असते, फक्त आतल्या कपाटात असते.